फोनची जागा संपली? धंद्याचा डेटा मेमरी कार्डवर नेताना काय सांभाळायचं



फोनवरून बिल कसं करायचं, हे आपण आधीच्या व्हिडिओत पाहिलं. त्यानंतर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते बिलाबद्दल नाहीच. ‘सर, बिलिंग ॲप टाकायला फोनमध्ये जागाच नाही’, हा खरा प्रश्न निघाला. तो अगदी बरोबर आहे. येवल्याच्या पैठण्या घरून विकणाऱ्या ताईंना एका विणकराकडून एका दिवसात पन्नास-साठ फोटो येतात. तेच फोटो त्या तीन ग्रुपवर टाकतात, ग्राहक त्यातलेच निवडून परत पाठवतात. म्हणजे एक साडी फोनमध्ये पाच वेळा बसली. केटरिंगवाल्या दादांकडे प्रत्येक लग्नाचे व्हिडिओ. सातपूर-अंबडला जॉबवर्क करणाऱ्याकडे ड्रॉइंगच्या पीडीएफ. वर रोज सकाळी सुप्रभातचे फुलांचे फोटो आहेतच.

अशा वेळी आपण काय करतो? घाईघाईत दिसेल ते डिलीट करतो. किंवा फोन दुकानात देतो आणि म्हणतो, ‘जरा खाली करून द्या.’ माझ्या वर्गातल्या एका शिवणकाम करणाऱ्या ताईंनी असाच फोन एका दुकानात दिला. पोराने फोन रिसेट केला, एकदम चकाचक. पण त्या ताई ग्राहकांची मापं वहीत लिहायच्या, वहीच्या पानाचा फोटो काढायच्या आणि पान फाडून कापडाला टाचायच्या. फोटो गेले म्हणजे मापं गेली. तुळशीचं लग्न आठ दिवसांवर, त्यानंतर लग्नसराई सुरू. पुन्हा प्रत्येकीला फोन करून बोलवावं लागलं, काही जणी आल्याच नाहीत. मेमरी कार्ड तेव्हा त्यांच्या फोनमध्येच होतं, रिकामं.

म्हणून आजचा धडा तांत्रिक वाटला तरी धंद्याचा आहे. सावकाश वाचा, शक्यतो फोन हातात घेऊन वाचा.

आधी फोनच्या पोटात काय आहे ते बघू

तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन म्हणजे खरं तर लिनक्सवर चालणारा छोटा संगणक आहे. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच. आणि लिनक्सची एक जुनी शिस्त आहे: प्रत्येक फाइलला मालक असतो, आणि मालकाने परवानगी दिल्याशिवाय दुसऱ्याला ती उघडता येत नाही. अँड्रॉइडने ही शिस्त ॲपना लावली. प्रत्येक ॲपला आपली वेगळी खोली, खोलीला कुलूप. तुमच्या बिलिंग ॲपची खोली तुमचं गेम ॲप उघडू शकत नाही.

मेमरी कार्डवर मात्र हे कुलूप नसतं. कार्डावर सहसा फॅट-३२ किंवा एक्स-फॅट नावाची मांडणी असते. कॅमेरा, लॅपटॉप, टीव्ही सगळ्यांना वाचता यावी म्हणून ती सोपी ठेवलेली आहे. त्यात फाइलचा मालक कोण, हे लिहायची सोयच नाही. म्हणजे इंटरनल स्टोरेज हे घरातलं कपाट, आणि कार्ड म्हणजे घराबाहेरचा ओटा. ओट्यावर गोणी ठेवायला हरकत नाही, पण दागिने ठेवायचे नाहीत. कार्ड काढून कोणीही दुसऱ्या फोनात घातलं की सगळं दिसतं. त्याला तुमचा पॅटर्न लॉक किंवा बोटाचा ठसा लागत नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. हातात मावणारा लिनक्स संगणक आपल्याकडे स्मार्टफोनच्या आधीच बनला होता. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि काही अभियंत्यांनी मिळून ‘सिंप्युटर’ तयार केला. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने त्याचं ‘अमिडा’ हे मॉडेल बाजारात आणलं. त्यात स्मार्ट कार्डाची खाच होती. कल्पना अशी की गावात यंत्र एकच असेल, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं. आपलं कार्ड घालायचं, आपली माहिती वापरायची, कार्ड काढून खिशात टाकायचं. धंदा म्हणून तो फार चालला नाही, तो विषय वेगळा. पण ‘यंत्र कोणाचंही असो, माहिती माझी आणि ती माझ्या खिशात’ हा विचार आजही कामाचा आहे. आपण तेच करणार आहोत.

कार्ड घेताना

एम. जी. रोडला गेलात तर ढीगभर कार्डं मिळतील. दोनशे रुपयांत पाचशे बारा जीबी असं कोणी म्हणालं तर हसून पुढे जा. नकली कार्डात प्रत्यक्षात आठ किंवा सोळा जीबी जागा असते आणि फोनला खोटा आकडा सांगितला जातो. तुम्ही फाइली टाकत जाता, फोन ‘झालं’ म्हणतो, आणि खऱ्या जागेच्या पुढच्या फाइली उघडतच नाहीत. हे कळतं सहा महिन्यांनी, गरज पडते तेव्हा. पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या. घरी लॅपटॉप असेल तर विंडोजवर ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ किंवा लिनक्सवर ‘एफ-थ्री’ हे मोफत प्रोग्राम आहेत. ते पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतात आणि खरी जागा सांगतात. कार्ड नवं, रिकामं असतानाच हे करा.

आकार किती? बहुतेकांना ६४ किंवा १२८ जीबी पुरतं. फोन जुना असेल तर तो कमाल किती जीबीचं कार्ड घेतो ते आधी बघा. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डावर फॅट-३२ असतं, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. एका लग्नाचा सलग व्हिडिओ सहज त्याच्या पुढे जातो, म्हणून केटरिंग, डेकोरेशन, फोटोग्राफीवाल्यांनी ६४ किंवा वरचंच घ्यावं. त्यावर एक्स-फॅट येतं, ही अडचण येत नाही. वेगासाठी कार्डावर छापलेलं चिन्ह बघा. गोलातला १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याचा वेग. इंग्रजी ‘यू’ अक्षरात ३ असेल तर किमान ३० एमबी. आपल्या कामाला दहावालं चालतं. फक्त हिशोब लक्षात ठेवा: २० जीबी डेटा १० एमबीच्या वेगाने जायला साधारण ३४ मिनिटं लागतात, आणि छोट्या छोट्या फाइली हजारोंनी असतील तर आणखी जास्त. म्हणून हे काम दुकान उघडायच्या वेळी काढू नका.

कार्ड घ्यायच्या आधी खाच बघा, हे सांगायचं राहायला नको. पुष्कळ फोनमध्ये दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्हीपैकी एकच बसतं. धंद्याचा आणि घरचा नंबर एकाच फोनात असेल तर तिथेच अडेल.

कार्ड घातल्यावर पहिला प्रश्न, आणि तिथेच सापळा

नवीन कार्ड घातलं की काही फोन विचारतात: हे कार्ड पोर्टेबल स्टोरेज म्हणून वापरायचं की फोनचं स्टोरेज म्हणून? २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून ही सोय आहे, सगळ्या कंपन्या ती देत नाहीत. सॅमसंगच्या फोनमध्ये तर हा प्रश्न दिसणारच नाही.

‘फोनचं स्टोरेज’ ऐकायला छान वाटतं. ॲपसुद्धा कार्डवर जातात, जागा वाढते. पण मग फोन ते कार्ड कुलूपबंद करतो, आणि किल्ली फक्त त्याच फोनात राहते. फोन पाण्यात पडला, स्क्रीन गेली, बोर्ड जळाला, की ते कार्ड जगातल्या कुठल्याही दुसऱ्या फोनला वाचता येत नाही. आपण कार्ड कशासाठी घेतलं? फोन गेला तरी माहिती राहावी म्हणून. म्हणजे मूळ हेतूच बुडाला. धंद्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: पोर्टेबल निवडा. दोन्ही पर्याय निवडताना फोन कार्ड फॉरमॅट करायला मागू शकतो, म्हणून त्यावर आधीचं काही असेल तर ते लॅपटॉपवर काढून ठेवा.

आता प्रत्यक्ष काम

नियम एकच आहे, तो पाठ करा. ‘मूव्ह’ करायचं नाही, ‘कॉपी’ करायचं. मूव्ह म्हणजे टेम्पोत सामान भरता भरता जुनं घर पाडत जाणं. मधेच बॅटरी संपली, कार्ड हललं, तर सामान ना इकडे ना तिकडे. कॉपीमध्ये मूळ फाइल जागेवर असते. कार्डवर गेलेली फाइल उघडून बघितली की मगच मूळ डिलीट करायची.

बॅटरी पन्नास टक्क्यांच्या वर, शक्य असेल तर चार्जिंगला लावून. मग ‘फाइल्स बाय गूगल’ किंवा फोनबरोबर आलेलं ‘माय फाइल्स’, ‘फाइल मॅनेजर’ जे असेल ते उघडा. तिथे तुम्हाला इंटरनल स्टोरेज आणि एसडी कार्ड अशा दोन जागा दिसतील. आधी कार्डावर जाऊन फोल्डर बनवा. नावं ठेवताना आळस नको. ‘नवीन १’, ‘नवीन २’ असं ठेवलंत तर सहा महिन्यांनी तुम्हालाच सापडणार नाही. मी सांगतो ती पद्धत: आधी वर्ष, मग महिना, मग विषय. ‘२०२६-०१ पैठणी फोटो’, ‘२०२६-०१ खरेदी बिलं’. वर्ष पुढे असलं की फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

मग इंटरनलमध्ये जा. कॅमेऱ्याचे फोटो ‘डीसीआयएम’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. बँक स्टेटमेंट, पीडीएफ, ई-मेलवरून उतरवलेलं सगळं ‘डाउनलोड’मध्ये. एका वेळी सगळं निवडू नका, महिन्यामहिन्याने घ्या. फाइलवर बोट दाबून धरा, बाकीच्या निवडा, कॉपी, कार्डावरच्या फोल्डरमध्ये पेस्ट. झालं की दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा. इकडे ३४२ आणि तिकडे ३३९ असेल तर थांबा, तीन कुठे राहिल्या ते शोधा. मग पाच-सहा फाइली कार्डावरून उघडून बघा, त्यातली एक शेवटची असू द्या, कारण अर्धवट राहिलेली असते ती बहुधा शेवटचीच.

एवढं पटलं की मूळ डिलीट. इथे गूगल फोटोजवाल्यांनी सावध राहायचं. फोटो गूगलवर बॅकअप होत असतील आणि तुम्ही त्या ॲपमधून डिलीट केलं, तर ते क्लाउडवरूनही जातं. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमध्ये ‘फ्री अप स्पेस’ आहे, ते वापरा.

शेवटी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज लोकेशन’ असेल तर एसडी कार्ड निवडा. नवीन फोटो थेट तिथे जातील. मात्र ज्या फोटोवर तुमचा पैसा अवलंबून आहे, जसं मापं, दिलेल्या मालाची स्थिती, सही केलेलं चलन, ते फक्त कार्डावर ठेवू नका. कार्ड वस्तू म्हणून नखाएवढं आहे.

व्हॉट्सॲपचं वेगळं आहे

निम्मी जागा इथेच गेलेली असते, आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो. पहिली गोष्ट, व्हॉट्सॲपला कार्डावर साठवायला लावण्याची अधिकृत सोय नाही. कुठल्याशा व्हिडिओत ‘एक सिक्रेट ट्रिक’ म्हणून सांगत असतील तर सोडून द्या.

अँड्रॉइड ११ पासून त्याचं फोल्डर थोडं आत गेलं आहे. ‘अँड्रॉइड’ मध्ये ‘मीडिया’, त्यात ‘कॉम डॉट व्हॉट्सॲप’. बिझनेसवालं वापरत असाल तर त्याच्या शेजारी शेवटी ‘डब्ल्यू-फोर-बी’ असलेलं. त्यातल्या मीडिया फोल्डरमधून फोटो-व्हिडिओ कार्डावर कॉपी करता येतात. पण मूळ डिलीट केलं की चॅटमध्ये तो फोटो उघडणार नाही, फक्त धूसर चौकोन दिसेल. फोटो गेलेला नाही, कार्डावर आहे, पण चॅटला तो सापडत नाही. म्हणून ज्या ग्राहकाशी व्यवहार चालू आहे त्याचं काही हलवू नका. पूर्ण झालेल्या, पैसे जमा झालेल्या ऑर्डरींचंच न्या.

त्याआधी सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि तिथे ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या फाइली तो वेगळ्या काढून दाखवतो. अनेकांचं काम तिथेच भागतं, कार्डाची गरजही पडत नाही. सुप्रभातच्या फुलांचा बॅकअप कोणाला हवाय?

चॅट जपायचे असतील तर त्याच मोठ्या फोल्डरमध्ये ‘डेटाबेसेस’ नावाचं फोल्डर असतं. व्हॉट्सॲप रोज पहाटे दोनच्या सुमारास तिथे चॅटची बंद पाकिटासारखी प्रत ठेवतं, साधारण आठवड्याच्या प्रती असतात. ते फोल्डर महिन्यातून एकदा कार्डावर कॉपी करा. नुसतं उघडून वाचता येणार नाही. पण फोन बदलला तर त्याच नंबरवर, व्हॉट्सॲप सुरू करायच्या आधी ते योग्य जागी ठेवलं की चॅट परत येतात. हे जरा नाजूक काम आहे, पहिल्यांदा करताना कोणा जाणत्याला बाजूला बसवा.

बिलिंग ॲप: इथे हात सांभाळून

जागा मोकळी करताना लोक सेटिंगमधून ॲपच्या पानावर जातात. तिथे दोन बटणं असतात. ‘क्लिअर कॅश’ आणि ‘क्लिअर डेटा’, काही फोनमध्ये ‘क्लिअर स्टोरेज’. कॅश म्हणजे केर. तो काढला तरी चालतो. डेटा म्हणजे घर. बिलिंग ॲपचं ‘क्लिअर डेटा’ दाबलंत आणि ते ॲप ऑनलाइन जमा होत नसेल, तर सगळी बिलं, उधारी, स्टॉक एका क्षणात जातो. परत विचारतो फोन, ‘नक्की?’ म्हणून, पण घाईत आपण ‘हो’ म्हणतो.

बिलिंग ॲपची माहिती त्याच्या कुलूपबंद खोलीत असते, फाइल मॅनेजरने तिथे जाता येत नाही. म्हणून ती बाहेर काढायचं काम ॲपलाच सांगावं लागतं. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘बॅकअप’ किंवा ‘एक्स्पोर्ट’ शोधा. त्याने फाइल बनवली की ती कार्डावर कॉपी करा. सोबत एक्सेल किंवा पीडीएफ रिपोर्ट मिळत असेल तर तोही घ्या. बॅकअप फाइल फक्त त्याच ॲपला वाचता येते. उद्या ते ॲप बंद पडलं तर पीडीएफ तुमच्या मदतीला येईल. जीएसटी नोंदणी असलेल्यांना हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. सहा वर्षं. तेवढ्यात तुमचे दोन-तीन फोन बदललेले असतील.

ओट्यावर काय ठेवायचं नाही

ग्राहकाचं आधार, पॅन, पासबुकचा फोटो, कामगारांची कागदपत्रं, तुमचे स्वतःचे पासवर्ड लिहिलेला स्क्रीनशॉट. यातलं काहीही उघडं कार्डावर जाऊ द्यायचं नाही. खूपदा तर ते ठेवायचीच गरज नसते. होमस्टे चालवणाऱ्यांनो, येत्या सिंहस्थात तुमच्याकडे शेकडो लोकांची ओळखपत्रं येतील, तेव्हा ही सवय आत्तापासूनच लावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्याने विश्वासाने कागद दिला त्याचा तो आहे, आपला नाही.

ठेवावंच लागलं तर ‘झेडआर्काइव्हर’सारख्या ॲपने त्या फाइलींची पासवर्ड असलेली झिप बनवा आणि ती झिप कार्डावर ठेवा. पासवर्ड वहीत, आणि वही कार्डाच्या पाकिटात ठेवू नका, कृपा करून. काही सॅमसंग फोनमध्ये पूर्ण कार्ड एन्क्रिप्ट करायचा पर्याय असतो. तो वापरलात तर फोन रिसेट करण्याआधी कार्ड डिक्रिप्ट करायला विसरू नका, नाहीतर ते पुन्हा वाचता येणार नाही.

काढताना आणि ठेवताना

लिनक्स कार्डावर लिहिताना थोडं हातात धरून ठेवतं आणि सवडीने उतरवतं. पडद्यावर ‘कॉपी झाली’ दिसलं तरी आतलं काम क्षणभर चालू असू शकतं. कार्ड तसंच ओढलं तर फाइलच नाही, कधी पूर्ण कार्डाची मांडणी बिघडते. म्हणून सेटिंग, स्टोरेज, एसडी कार्ड, ‘इजेक्ट’. मगच पिन घालून ट्रे काढा. ‘कार्ड खराब आहे, फॉरमॅट करू का?’ असं फोन विचारू लागला तर लगेच हो म्हणू नका. आधी कार्ड काढून लॅपटॉपला लावून बघा, बऱ्याचदा तिथे फाइली दिसतात.

आणि कार्ड म्हणजे तिजोरी नव्हे. वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिलं तर त्यातली माहिती हळूहळू विरू शकते. तेच कार्ड फोनमध्ये असेल आणि फोन बसमध्ये चोरीला गेला तर दोन्ही एकदमच गेले. म्हणून महत्त्वाच्या फोल्डरची दुसरी प्रत लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर असू द्या. गूगल खात्याची १५ जीबी जागा मोफत आहे. बिलं आणि मापांना ती पुरून उरते, व्हिडिओंना नाही.

ज्यांच्या फोनला कार्डाची खाचच नाही, आणि नव्या फोनमध्ये ती कमीच सापडते, त्यांनी टाइप-सी टोक असलेला ओटीजी पेन ड्राइव्ह घ्यावा. वर सांगितलेलं कॉपी, मोजणी, उघडून बघणं, इजेक्ट सगळं जसंच्या तसं लागू. एक फायदा वेगळा: तो काम झालं की फोनमधून निघतो आणि घरी कपाटात जातो. त्याच्या टोपणावर मार्करने तारीख लिहा, आणि दर महिन्याच्या एक तारखेला, लाइट बिल भरता त्याच संध्याकाळी, तो बाहेर काढा.